नको न म्हणणाऱ्या बाई

आमच्या मळ्यातल्या अंगणवाडीच्या बाईंना 'नको' म्हणता येत नसे. कुणी काही पुढं केलं की आधी त्यांचा हात पुढं व्हायचा आणि मग तोंडातून शब्द निघायचा, "थोडं." लग्नाच्या पंगतीत जिलबी आली, थोडी. वाटेवरच्या शेतातून कुणी वाटाण्याच्या शेंगांची ओंजळ पुढं केली, थोड्या. निवडणुकीत दोन्ही बाजूंची माणसं पत्रकं वाटत आली तरी बाईंनी दोघांचीही घेतली आणि घडी घालून ठेवली. स्वतः वाढायला उभ्या राहिल्या की मात्र त्यांच्या तोंडाला खळ नसे. "घ्या, घ्या की, लाजू नका," असं त्या एवढ्याशा पोरालाही अहोजाहो करून म्हणायच्या. पोरांनी त्यांचं नाव घ्याबाई ठेवलं होतं. मोठी माणसं नुसतं बाई म्हणायची.

आमचं घर आणि अंगणवाडीची खोली यांच्यात एका भिंतीचं अंतर. खोली पंचायतीची, पाणी आमच्या नळाचं आणि सावली आमच्या आंब्याची. बाई रोज हंडा घेऊन आमच्या मागच्या दारी यायच्या, आणि दारी आलेलं माणूस चहा न घेता परत गेलं तर आमच्या सासूबाईंना त्या दिवशी अन्न गोड लागत नसे. असा तो चहा सुरू झाला. मला लिहायचं आहे ते खरं म्हणजे त्या चहाबद्दल. पण आधी बाई नीट सांगितल्या पाहिजेत, नाहीतर तुम्ही मला लगेच माफ करून मोकळे व्हाल, आणि ते मला नको आहे.

बाईंचं माहेर आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरात, भात-नाचणीच्या मुलखात. सासर इकडं पिंपरी पेंढारच्या बाजूला. नवरा लवकर गेला, एकुलता मुलगा चाकणला कंपनीत. बाई किडकिडीत, काळ्यासावळ्या, चालायला अशा की तरण्या बायका मागं पडाव्यात. पदर कमरेला खोचलेला, पायात रबरी चप्पल. आवाज मात्र अंगाच्या मानानं दांडगा. आम्ही विहिरीवर धुणं धुवत असलो तरी आज पोरांना कुठली उसळ आहे ते आम्हाला कळायचं.

माझी शिवन्या अंगणवाडीत जायला लागली तेव्हा ती फक्त चहात बुडवलेली बिस्किटं खायची. सकाळी बिस्किटं, दुपारी बिस्किटं, आणि संध्याकाळी रडली की कुरकुरीत काहीतरी पुड्यातलं. मला त्याचं काही वाटत नव्हतं, उलट पोरगी त्रास देत नाही म्हणून मी मिरवायची. टोमॅटोच्या तोडणीचे दिवस असले की पहाटेपासून बाया वावरात, क्रेट भरायचे, बांधावर पिकअप उभी, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. अशात पोरासाठी भाजी निवडत कोण बसतंय? आमच्या मळ्यातल्या सगळ्याच आयांचं हेच. डबा म्हणून पुडा द्यायचा, पोर गप बसतं.

बाई रागावत नसत. पोरं आली की सगळे डबे उघडून रांगेत मांडायच्या आणि कमरेवर हात ठेवून नुसत्या बघत राहायच्या. एकदा मी शिवन्याला सोडायला गेले होते, तेव्हा त्यांनी मला त्या रांगेपुढं उभं केलं. म्हणाल्या, "वैशाली, तुज्या वावरात टमाटं हायेत, मेथी हाय, कोबी हाय. सगळी मुंबईची पोरं खात्यात. तुज्याच पोरीनं काय पाप केलंय गं?" मी हसले. घरी येऊन सासूबाईंना नक्कल करून दाखवली. त्याही हसल्या.

भाजी खायला लावायचे सगळे उपाय आम्ही आयांनी करून पाहिले होते. धाक घातला, लालूच दाखवली, मोबाइल हातात दिला. बाईंनी काय केलं, तर पोरांना पावणं केलं. रोज एकाची पाळी. त्यानं दाराबाहेर जायचं, बाईंच्या मुलाची जुनी टोपी डोक्यावर घालायची आणि कडी वाजवायची. मग आतली पोरं ओरडायची, "या पावणं, या!" पाय धुवायला तांब्या, बसायला पाट. "कुठनं आला म्हणायचं?" "आळेफाट्यावरनं." "गाडी भेटली का?" "भेटली, पर लई गर्दी व्हती." एवढं झालं की वाढप सुरू. सरकारी खिचडी असायची, उसळ असायची, आणि बाई घरोघरी मागं लागून काहीबाही मागवायच्या: कुणाकडून काकडी, कुणाकडून मेथी, कुणाच्या परसातला दोडका. यात्रेला येणारे पाहुणे आमची पोरं जन्मल्यापासून बघतात. पाहुणा ताटाकडं बघून तोंड वाकडं करत नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. घरी जे पोर गवारीची शेंग थुंकून भिंतीवर मारायचं, ते टोपी घालून पाटावर बसलं की तीच शेंग गंभीरपणे चावायचं.

खेळाचे नियम दोनच. पावण्यानं नको म्हणायचं नाही, 'थोडं वाढा' म्हणायचं, आणि पानात पडलं त्यातला घासभर तरी खायचा. वाढणाऱ्यानं, पावणा थोडं म्हणाला की थोडंच वाढायचं. पहिल्या नियमात एखादेवेळी सूट मिळे, दुसऱ्यात नाही. एखादं पोर आईसारखं हातवारे करत "असं कसं, घ्यावंच लागंल तुमाला" म्हणून पळी ओतायला लागलं की बाई तिथल्या तिथं त्याचं मनगट धरायच्या. "पावण्याचं पोट पावण्याला ठावं. आपून वाढायचं, कोंबायचं न्हाई."

शिवन्याची पाळी आली तेव्हा मी खिडकीशी उभी राहून बघत होते. पोरगी पाटावर बसली, टोपी पार नाकावर आलेली, आणि म्हणाली, "बिस्कुट वाढा." पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. हात जोडून म्हणाल्या, "पावणं, आमच्यात आज बिस्कुट न्हाई केलं बगा. दोडका केलाय. चालंल का?" शिवन्यानं विचार केला. पाहुणीला यजमानाची अडचण समजून घ्यावी लागतेच. म्हणाली, "थोडा वाढा." आणि तिनं दोडका खाल्ला. त्या दिवशी संध्याकाळी ती मला म्हणाली, "आई, आपल्यात दोडका न्हाई का करत?" मी वळून चुलीकडं तोंड केलं. आमच्या बांधावर दोडक्याचा वेल होता आणि दोडके वाळून त्यांच्या घासण्या झाल्या होत्या.

आमच्याकडं उसात बिबट्या असतो. हे मी नवल म्हणून सांगत नाही, ज्याच्या शिवारात नसेल त्याचंच आम्हाला नवल वाटेल. त्यामुळं अंगणवाडी सुटली की पोरांना एकटं सोडायची सोय नाही, आणि आया तर वावरात. मग बाईच निघायच्या. पोरांची रांग, पुढच्याचा सदरा मागच्याच्या मुठीत, आणि सगळ्यात पुढं बाई, एका हातात स्टीलचं ताट आणि दुसऱ्या हातात उलथनं. ते वाजवत, उसाच्या कडेनं, गाणी म्हणत वरात चालायची. प्रत्येक पोर ज्याच्या त्याच्या दारात पोचवायचं, घरातल्या माणसाच्या हातात हात द्यायचा, मगच पुढं. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

खरी शाळा तिथं, त्या दारांत भरायची. पोर हवाली करताना बाई सांगायच्या, "तुमच्या पावण्यानं आज गवार खाल्ली." पोराची आजी, चुलती, जी कोणी दारात असेल ती आधी विश्वास ठेवायची नाही, मग फुलायची, मग कशी केली होती ते विचारायची. बाई सांगायच्या: तिखट कमी, शेंगदाण्याचं कूट जास्त. असं करत आमच्या मळ्यात पुडे कमी झाले. एकदम बंद झाले असं नाही, पण डब्यात भाकरीचा तुकडा आणि भाजी दिसायला लागली. आणि हे सगळं ऐकेपर्यंत आत चहा उकळलेला असायचा. "बाई, च्या घेतल्याबगर जायाचं न्हाई." बाई ओट्यावर टेकायच्या. "थोडा." आमच्याकडं थोडा चहा ही गोष्टच नाही. कप भरून, बशीत सांडेल असा आणि साखर अशी की चमचा उभा राहावा. पाहुण्याच्या चहात साखर कमी पडली तर घराची अब्रू जाते.

एकदाच बाई चुकल्या, म्हणजे बरोबर वागल्या. मळ्यात वरचं घर आणि खालचं घर असे दोन सख्खे चुलतभाऊ आहेत, बांधावरून बोलणं बंद असलेले. बाई वरच्या घरी चहा पिऊन खालच्या घरी पोचल्या. कप पुढं आला तेव्हा म्हणाल्या, "आज ऱ्हाऊ द्या, आत्ताच वरच्या घरी झाला." झालं! दुसऱ्या दिवशी खालच्या घरची दोन्ही पोरं आली नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. पोरांच्या आजोबांचा निरोप मात्र आला, "आमचा च्या बाईला चालत न्हाई, मग आमची पोरंबी तिला कशाला पायजेत?" बाई त्याच दुपारी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसल्या, चहा मागून घेतला आणि वर अजून अर्धा घेतला. पोरं परत आली. बाई माझ्या मागच्या दारी येऊन सांगत होत्या, "च्यावर दोन पोरं सुटली गं. सोपं व्हतं." त्यानंतर कुठल्याही दारात त्या नको म्हणाल्याचं मी ऐकलं नाही.

पुढं एक दिवस त्यांना माझ्याच ओट्यावर चक्कर आली. मी त्यांना स्कूटीवर मागं बसवून नारायणगावला दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. शुगर भरमसाट वाढलेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, गोड बंद, साखरेचा चहा तर अजिबात नाही. बाई मान हलवत होत्या, पोरांच्या खेळात पाहुणा हलवतो तशी. येताना त्यांनी मला रस्त्यात गाडी थांबवायला लावली. खाली उतरल्या, माझे दोन्ही हात धरले.

"वैशाली, ह्ये कुणाला सांगू नगं. तुज्या सासूलाबी न्हाई."

"का बाई? सांगितलं तर लोक च्या देनार न्हाईत, बरंच हाय की."

"तसं न्हाई. म्हणतील, हिलाच शुगर, आन् ही आमच्या पोरांना काय खायाचं ते शिकवती. आत्ता कुठं आया ऐकाया लागल्यात. माजं हसं झालं तर पोरं परत पुड्यावर जातील."

मी शब्द दिला. खरं सांगायचं तर मला तेव्हा मनातून थोडा मानही वाटला, की एवढं मोठं गुपित बाईंनी माझ्याजवळ ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून मी बाईंचा चहा वेगळा करायला लागले. दूध थोडं जास्त, आलं ठेचून, साखर नाही. बाई प्यायच्या आणि माझ्याकडं बघून डोळ्यांनी हसायच्या. आठवडाही गेला नसेल, सासूबाईंनी पातेल्यातला उरलेला घोट चाखला.

"बाईला फिका च्या देतीस? घरातली साखर संपली का काय?"

"आत्या, त्यांनाच तसा आवडतो."

"कुणाला आवडतो गं फिका? माणूस लाजंकाजं म्हणतं तसं. आपल्याला कळाया नगं?"

असं म्हणत त्यांनी स्वतः डबा काढला आणि बाईंच्या कपात साखर घातली, ढवळून हातात दिली. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी बाईंकडं पाहिलं. सासूबाई समोर उभ्या, कौतुकाची वाट बघत. बाई प्यायल्या आणि म्हणाल्या, "झ्याक झालाय."

मी तेव्हा बोलू शकले असते. बाईंचा शब्द मोडला असता, त्या चार दिवस रागावल्या असत्या, सासूबाईंनी मळाभर केलं असतं आणि मळाभर झालं असतं तर बरंच झालं असतं. पण दिलेला शब्द पाळणं फार सोयीचं असतं, त्यात घरात भांडण होत नाही. त्यानंतर सासूबाईंनी डबा काढायची गरज उरली नाही. साखर मीच घालायला लागले. मनाला सांगायचे, आपल्या एका कपानं काय होतंय, बाकीच्या घरी पितातच की. बाकीच्या घरांना ठाऊक असतं तर प्रत्येक घरानं नेमकं हेच म्हटलं असतं. पण त्यांना ठाऊक नव्हतं आणि मला होतं, एवढाच फरक.

आता ती दुपार. बाई हंडा भरायला आल्या होत्या आणि शिवन्याच्या अंगात आलं होतं. "आज बाई पावण्या. मी वाढनार." तिनं बाईंना पाटावर बसवलं, टोपी नव्हती म्हणून डोक्यावर टॉवेल ठेवला. चहाची किटली दोन्ही हातांनी धरून ती समोर उभी राहिली.

"पावणं, किती वाढू?"

"थोडा," बाई म्हणाल्या.

आणि माझ्या पोरीनं थोडा वाढला. कपाच्या तळाला, दोन घोट होतील एवढा. किटली सरळ केली आणि बाईंकडं बघत उभी राहिली, खेळातल्या नियमाप्रमाणं. बाईंचा चेहरा असा उजळला की तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. इतक्या घरांत, इतक्या दिवसांत, त्या थोडा म्हणाल्या आणि त्यांना थोडाच मिळाला, असं बहुधा पहिल्यांदाच झालं असावं. "शाब्बास गं माजी बाय," म्हणाल्या.

सासूबाई ओसरीवरून आत आल्या. "अगं बया, पावण्याला असा तळाला च्या देत्यात व्हय?" त्यांनी किटली घेतली आणि कप काठोकाठ भरला. शिवन्या ओरडली, "आजी, नगं ना! बाई थोडा म्हनल्या! पोट बाईंचं हाय!" ती रडायलाच लागली. नियम मोडला होता ना!

तेव्हा मी म्हणाले, "शिवन्या, मोठ्या माणसांच्या मधी बोलायचं न्हाई."

हे सासूबाई म्हणाल्या नाहीत, मी म्हणाले. त्या खोलीत जिला सगळं ठाऊक होतं, ती. बाईंनी पोरीच्या पाठीवरून हात फिरवला, कप उचलला आणि तिच्याकडं न बघता रिकामा केला.

पुढचं सांगायला फार नाही. ऊस तुटून गेला होता. मोकळ्या रानातून जवळची वाट म्हणून बाई पोरांना घेऊन चालल्या होत्या, आणि चपलेतून बाहेर आलेल्या बोटाला उसाचं बुडखं लागलं. हळद भरली, चिंधी बांधली. विचारलं की म्हणायच्या, "काय न्हाई, खरचटलंय." जखम भरत नव्हती. त्या दोन-दोन मोजे घालायला लागल्या, ताट वाजवत पोरं पोचवायच्या, दारोदारी टेकायच्या, कप हातात घ्यायच्या आणि पाय पदराखाली ओढून घ्यायच्या. लंगडतायत हे सगळ्यांना दिसत होतं. लंगडणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो? बसा जरा, चहा घ्या. मोजे काढले तेव्हा बोट काळं पडलं होतं.

मुलानं त्यांना पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. आधी बोटं काढली. आम्ही बायका पिकअप करून भेटायला गेलो. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जात नाहीत. कुणी द्राक्षं नेली, कुणी पेढे, मी शहाळी. कॉटशेजारचं टेबल भरून गेलं. बाईंनी प्रत्येकीकडं बघून मान हलवली. "ठेवा. खाते थोडं." शुगरचं सगळ्यांना तिथं कळलं. नर्सनं पेढ्यांचा बॉक्स उचलून बाहेर ठेवला तेव्हा पेढे आणणारीच्या डोळ्यांत पाणी आलं. पेढे परत गेले म्हणून, की बाईंना शुगर आहे म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

बाकीच्या बाहेर गेल्यावर बाईंनी मला जवळ बोलावलं. आवाज तोच होता, फक्त बारीक झालेला. पायाकडं बोट दाखवून म्हणाल्या, "पावणी म्हणून फिरले, आन् बोटं ठिवून आले बग." मला हसायला येईना. मग म्हणाल्या, "वैशाली, माज्या खेळात एक चुकलं. पोरांना नको म्हणाया शिकवाया पायजे व्हतं. पर मलाच येत न्हाई, तर शिकवू कुठनं?"

मला त्यांचे पाय धरायचे होते. मला म्हणायचं होतं, बाई, माझ्या घरात एकीला तुम्ही सगळं बरोबर शिकवलं होतं आणि मी तिला गप्प बसवलं. मला माफ करा म्हणायचं होतं. एवढं सगळं घशाशी आलं आणि तोंडातून निघालं ते असं, "बाई, शहाळ्याचं पाणी देऊ का थोडं?"

त्या हसल्या. "दे की."

जखम वर चढत गेली. द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत बाई गेल्या.

दहावा आमच्याकडंच झाला, नदीकाठच्या घाटावर. एवढी गर्दी मी पुढाऱ्यांच्या दहाव्यालाही पाहिलेली नाही. आमच्या मळ्याचे, पिंपरी पेंढारचे, बाईंच्या माहेरचे, सगळे. बाईंच्या हाताखालून गेलेली आणि आता कॉलेजात जाणारी पोरं एका बाजूला उभी होती. महाराजांचं प्रवचन झालं. मग भाषणं झाली. बाईंनी पोरांना कसं खायला शिकवलं, त्यावर जो तो बोलला. वरचं घर बोललं, खालचं घर बोललं. बाई कशानं गेल्या, यावर कुणी बोललं नाही. मीही नाही. मला बोलायला कुणी बोलावलं नाही, याचं मला बरं वाटलं.

मग भटजींनी बाईंच्या मुलाला सांगितलं, पिंडापाशी आईच्या आवडीचं काय असेल ते ठेवा. मुलगा गोंधळला. कितीतरी वर्षं तो चाकणला. त्यानं आम्हा बायकांकडं पाहिलं. "काकी, तुमच्याकडं रोज यायची ती. तिला काय आवडायचं?"

सगळ्या एकदम बोलल्या. "बाईंना माज्या हातची मासवडी लई आवडायची." "छ्या, मासवडी न्हाई, शिरा. आमच्यात आल्या की शिराच." "आमच्या द्राक्षाचा पयला घड बाईंना असायचा." "पेढा ठेवा, पेढा." प्रत्येकीनं घरून करून आणलंच होतं. पत्रावळ भरली, दुसरी मांडली, तीही भरली. मुलगा सगळं घेत होता आणि ठेवत होता. आई गेल्याचं त्याला तेव्हा पहिल्यांदा कळल्यासारखं तो त्या ढिगाकडं बघत होता. बाई कुणाच्या घरी काय खायच्या ते सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंना काय आवडायचं, हे कुणीच त्यांना विचारलेलं नव्हतं. मीही नाही. कप त्या कशा धरायच्या, फुंकर कशी घालायच्या, ते मला डोळे मिटून सांगता येईल. पण मनापासून त्यांना काय खावंसं वाटायचं, ते मला ठाऊक नाही.

शेवटी तो माझ्यापुढं आला आणि त्यानं हात पसरला. माझ्या पिशवीत थर्मास होता. सकाळी चहा ठेवला तेव्हा मी ठरवलं होतं, आज तरी बाईंचा चहा फिका करायचा. आलं ठेचलं, दूध घातलं. साखरेच्या डब्याला हात लावला नव्हता. मग थर्मास भरताना मनात आलं, भरल्या घाटावर, एवढ्या माणसांत कुणी घोट चाखला तर काय म्हणतील? वैशालीनं बाईंना शेवटचा चहा दिला, तोही फिका?

मी डबा उघडला आणि साखर घातली.